होमरची बक्षिसं परत का घेतली? (‘द सिम्पसन्स’मधलं रियुनियन)

मधलीसुट्टी

दिवाळी उरकली की गेटटुगेदरचा मोसम सुरू होतो. आमच्या दहावीच्या ग्रुपवर वर्गणीवरून पहिलं भांडण झालंसुद्धा. त्यामुळे परवा मुद्दाम एक जुना भाग पुन्हा लावून बघितला, त्याबद्दल हा धागा.

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा चौथा सीझन, एकोणिसावा भाग, ‘द फ्रंट’. अमेरिकेत फॉक्सवर १५ एप्रिल १९९३ला आला. आपल्यापैकी अनेकांनी स्टार वर्ल्डवर किंवा नंतर हॉटस्टारवर पाहिला असेल, पण तो लक्षात राहतो बार्ट-लिसासाठी. ‘इची अँड स्क्रॅची’ या मारधाडीच्या कार्टूनसाठी ही दोघं भावंडं गोष्ट लिहून पाठवतात, लहान मुलं म्हणून कुणी विचारत नाही, मग तीच गोष्ट आजोबांच्या नावावर पाठवतात आणि आजोबांना चक्क नोकरी लागते. आठवड्याला ८०० डॉलर!

मला बोलायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. मार्ज आणि होमर, म्हणजे बार्ट-लिसाचे आई-बाबा, नवरा-बायको, एकाच शाळेतले आणि एकाच बॅचचे. रियुनियनला दोघं नटूनथटून जातात. तिथे गमतीची बक्षिसं वाटणं चालू असतं आणि होमर एकामागून एक पटकावत सुटतो. सगळ्यात जास्त वजन कुणाचं वाढलं? होमर. अंगाच्या वासात सर्वाधिक सुधारणा? होमर. सगळ्यात कमी अंतर कापून कोण आलं? पुन्हा होमरच. वजनाचं गुपित विचारल्यावर म्हणतो, न्याहारी आणि ब्रंचच्या मध्ये आणखी एक जेवण असतं, ते मी शोधून काढलं.

आणि मग मुख्याध्यापक डॉन्डेलिंगर त्याला अडवतात. कच्च्या मुलांसाठी जो सायन्सचा वर्ग असतो, त्यातही गडी नापास आहे. म्हणजे शाळा सुटलेलीच नाही. बक्षिसं जागच्या जागी परत!

माझं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टी वेगळ्या नाहीतच. मुलांकडे गुण आहे पण कागदावर टाकायला चालेल असं नाव नाही. आजोबांकडे नाव आहे, बाकी काही नाही. आणि होमर सगळ्यांसमोर त्या वर्गातला आहे, त्याला सगळे ओळखतात, त्याची बायको त्याच वर्गातली आहे, तरी रजिस्टरमध्ये तो बसत नाही. वजन वाढल्याचं बक्षीस मिळवायलासुद्धा पास असावं लागतं, हा विनोद मला फार जिव्हारी लागला. तुमचं काय मत?

रानभूल

हसून हसून पुरेवाट! तो न्हाव्याच्या दुकानाचा इची-स्क्रॅची याच भागातला ना? उंदीर इची मांजर स्क्रॅचीच्या डोक्याला शांपूऐवजी बार्बेक्यू सॉस चोपडतो, वर मुंग्या सोडतो आणि खुर्ची वर वर नेत थेट छतातून वरच्या मजल्यावर. तिथे एल्विस टीव्ही बघत बसलेला. कवटी बघून म्हणतो, काही दम नाही या कार्यक्रमात, आणि टीव्हीवर गोळी झाडतो. दुसरी गोष्ट मी साफ विसरले होते. पुन्हा बघते.

एडिसनवाला

मस्त धागा. इथे अमेरिकेत राहणाऱ्याच्या नजरेतून थोडी भर घालतो.

ती बक्षिसं मालिकेने हवेतून काढलेली नाहीत. इथल्या रियुनियनमध्ये खरंच देतात. सगळ्यात लांबून आलेला, सगळ्यात जास्त मुलंबाळं असलेला, अजिबात न बदललेला, सगळ्यात आधी टक्कल पडलेला. मुळात शाळेच्या शेवटच्या वर्षी इयरबुक निघतं, त्यात मुलं मतं देऊन ‘नाव काढणार असा’, ‘वर्गातला विदूषक’ वगैरे किताब ठरवतात. रियुनियन म्हणजे त्या भाकितांचा निकाल. छातीवर नावाची चिठ्ठी असते आणि त्यावर बऱ्याचदा इयरबुकमधला अठराव्या वर्षीचा फोटो. समोरचा आधी तुमच्या छातीकडे बघतो, मग तोंडाकडे, मग पुन्हा छातीकडे. हे एकदा सोसलं की होमरची बक्षिसं वेगळी वाटायला लागतात. एरवी ज्याची चेष्टा होते तोच माणूस पुढे होऊन सगळी चेष्टा ट्रॉफीच्या रूपात घरी न्यायला निघालाय.

दुसरं म्हणजे, इथे हायस्कूल बारावीपर्यंत आणि बोर्डाची एक मोठी परीक्षा नाही. विषयवार क्रेडिट जमा करायचे. एखाद्या सक्तीच्या विषयाचं क्रेडिट राहिलं की डिप्लोमा अडकतो. त्यामुळे मुलगा चार वर्षं वर्गात बसला, नाचाला गेला, फोटोत आला आणि तरी कागदोपत्री पास नाही, हे होऊ शकतं. ‘वर्गात होता’ आणि ‘वर्गातून पास झाला’ यात जी फट असते, तीत होमर पडला.

काडेपेटी

काडी टाकतो.

दोन गोष्टी एकच वगैरे काही नाही हो. भाग कमी पडत होता म्हणून एक गोष्ट दुसरीला टाचली आहे. पुरावा हवा? शेवट बघा. मूळ गोष्ट संपल्यावर अचानक ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ नेड फ्लँडर्स’ नावाचा, सिम्पसन्सच्या शेजाऱ्यावरचा चिमुकला तुकडा येतो, स्वतंत्र गाण्यासकट, ज्याचा कशाशीही संबंध नाही. वेळ भरायला. ज्यांना बावीस मिनिटं भरता येत नव्हती त्यांनी कागद, नाव आणि अस्मिता यांची वीण घातली असेल यावर माझा विश्वास नाही. आपण मराठी लोक कशातही रूपक शोधतो.

मधलीसुट्टी

@काडेपेटी, फ्लँडर्सचा तुकडा भरतीचा आहे हे कबूल, ते काही गुपित नाही. पण भागाचं नाव बघा की. ‘द फ्रंट’ नावाचा १९७६चा सिनेमा आहे, वुडी अॅलन मुख्य भूमिकेत, दिग्दर्शक मार्टिन रिट. हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत टाकलेले लेखक आणि त्यांच्या जागी स्वतःचं नाव पुढे करणारा एक हॉटेलचा कॅशियर. तो लिहिणारा वॉल्टर बर्नस्टीन आणि रिट, दोघेही त्या काळ्या यादीत होरपळलेले. हे नाव डोक्यात ठेवून भाग लिहिणाऱ्याला ‘कागदावर कोण आणि खरं कोण’ हे सुचलं नसेल असं कसं म्हणता? बार्ट-लिसाची गोष्ट तर उघडच त्यावर आहे. त्याच भागात बापाच्याही कागदाचा घोळ निघतो, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

भाग लिहिला अॅडम लॅपिडसने. या मालिकेत त्याच्या नावावर हा एकच भाग आहे.

काडेपेटी

म्हणजे त्याचंही रियुनियनला बोलावणं आलं नसणार. :)

शमीची_शेंग

सगळे होमरची ट्रॉफी धरून बसलाय. मार्ज कुठे आहे?

रियुनियन दोघांचं ना? तीही त्याच बॅचची. तिला तिथे काय मिळालं? वर्गातला आर्टी झिफ भेटतो, बक्कळ पैसेवाला झालेला, आणि सांगतो की तुझ्यासोबतच्या एका रात्रीवर हे सगळं ओवाळून टाकीन. झालं, मार्जचं रियुनियन संपलं. पुढे गोष्ट होमरच्या परीक्षेची.

ज्यांनी ‘द वे वी वॉज’ पाहिला नाही त्यांच्यासाठी (दुसरा सीझन, ३१ जानेवारी १९९१). टीव्ही बंद पडतो म्हणून मुलं आईबाबांना विचारतात, तुम्ही भेटलात कसे. साल १९७४. मार्ज हुशार, वादविवाद स्पर्धेतली, स्त्रीमुक्तीच्या सभेत ब्रा जाळली म्हणून तिला शाळा सुटल्यावर थांबायची शिक्षा. होमर बाथरूममध्ये सिगरेट ओढताना सापडला म्हणून तोही त्याच खोलीत. तिथे तो तिच्यावर भाळतो. आणि मग काय करतो? मला फ्रेंच शिकव म्हणून तिच्याकडे जातो. फ्रेंच विषय त्याने घेतलेलाच नसतो! दुसऱ्या दिवशी तिची स्पर्धा असते, ती रात्रभर याला शिकवत बसते, प्रॉमला (शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या नाचाला) येशील का विचारल्यावर हो म्हणते, आणि मग हा फुशारकीने सांगतो की मी फ्रेंच शिकतच नाही. दुसऱ्या दिवशी ती आर्टीकडून हरते.

आता ‘द फ्रंट’ शेजारी ठेवा. या लग्नाचा पायाच एका न घेतलेल्या विषयावर आहे. तेव्हा होमरने नसलेला फ्रेंचचा वर्ग सांगितला, आणि नंतर इतकी वर्षं राहिलेला सायन्सचा वर्ग सांगितला नाही. दोन्ही वेळेला अभ्यास मार्जनेच केला होता. माझी अपेक्षा एवढीच होती की त्या हॉलमध्ये तिला यावर एक वाक्य तरी मिळावं. ती चिडावी असंही नाही. पण ज्या मुलीने एका रात्रीत आपली स्पर्धा घालवली, तिला तिच्याच बॅचच्या कार्यक्रमात ‘होमरची बायको’ म्हणून उभं केलंय.

रानभूल

@शमीची_शेंग, अनुमोदन. आणि ‘द वे वी वॉज’चा शेवट तर मला पाठ आहे. मार्ज प्रॉमला आर्टीबरोबर जाते, दोघं राजा-राणी होतात, नंतर गाडीत तो अंगचटीला येतो, ड्रेसचा पट्टा तुटतो, ती एक ठेवून देते. त्यावर आर्टी म्हणतो, हे कुणाला सांगू नकोस, माझ्यासाठी नाही, पण गावात मला इतका मान आहे की लोकांना धक्का बसेल! मग रस्त्याने भाड्याच्या सुटात चालत निघालेला होमर तिला दिसतो, ती गाडी वळवते, आणि तो तिच्यासाठी आणलेल्या फुलांनीच तो तुटलेला पट्टा सांधून देतो. एवढं साधं काम, पण त्या रात्री तिला हवं होतं ते कुणीतरी केलं. पट्टा फाडणारा एक आणि जोडणारा एक.

एडिसनवाला

जाता जाता, आर्टीचं रियुनियनमधलं ते वाक्य पुढे वाया गेलं नाही. २००२मध्ये ‘हाफ-डीसेंट प्रपोजल’ नावाचा आख्खा भाग झाला. आर्टी मार्जबरोबरच्या एका वीकेंडसाठी दहा लाख डॉलर देऊ करतो, आणि मार्ज तयार होते ती होमरच्या घोरण्यावर ऑपरेशन करायला पैसे हवेत म्हणून. आर्टी काय करतो, तर ती प्रॉमची रात्र जशीच्या तशी पुन्हा उभी करतो. एवढा पैसा मिळवून माणूस शाळेच्या हॉलमधून बाहेर पडलेला नाही. डिप्लोमा आहे, मान आहे, पण शाळा सुटली नाही ती याचीच.

मधलीसुट्टी

@एडिसनवाला, हे भारी आहे. म्हणजे डॉन्डेलिंगरने चुकीच्या माणसाला अडवलं!

पेन्सिलटोक

मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत बरीच वर्षं परदेशी कार्टून मालिकांच्या चित्रांचं काम केलंय. आधी कागदावर, नंतर टॅब्लेटवर. त्यामुळे हा भाग मी वेगळ्याच कारणासाठी बघतो. त्यातला निम्मा विनोद आमच्या धंद्यावरचा आहे.

मुलं स्टुडिओ बघायला जातात तो प्रसंग आठवा. मालक रॉजर मायर्स चालता चालता त्यांना सांगतो की खर्च वाचवण्यासाठी कार्टूनमध्ये तीच ती बॅकग्राउंड पुन्हा पुन्हा वापरतात. आणि तो हे बोलत असताना मागून तीच भिंत, तेच पाण्याचं यंत्र, तीच झाडूवाली बाई पुन्हा पुन्हा जात राहते. हे करायचं कसं ते सांगतो. बॅकग्राउंडची लांब पट्टी रंगवायची, दोन्ही टोकं बेमालूम जुळतील अशी. चालणाऱ्याची ड्रॉइंग करायची मोजकीच, डावा पाय-उजवा पाय, की परत पहिल्यावर. माणूस पडद्यावर जागच्या जागी पाय हलवत असतो आणि कॅमेऱ्याखाली पट्टी सरकत असते. टोक आलं की पुन्हा पहिलं टोक. रिकामी भिंत असेल तर कुणाला कळत नाही. म्हणून नियम असा की त्या पट्टीत लक्षात राहील असं काही ठेवायचं नाही. फुटकी कुंडी नाही, चेहरा तर नाहीच नाही. यांनी मुद्दाम आख्खी बाई ठेवली. थिएटरात कुणी एकटाच मोठ्याने हसला तर समजावं, हा लाइनवाला.

दुसरा विनोद, आजोबांच्या नावावरच्या कार्टूनला नामांकन मिळतं त्या पुरस्कार सोहळ्यातला. अभिनेत्री ब्रूक शील्ड्स आणि मालिकेतला विदूषक क्रस्टी नामांकनं वाचतात. त्यात एक असतं ‘स्ट्रॉन्डार, मास्टर ऑफ आकॉम’. हे आकॉम म्हणजे दक्षिण कोरियातला स्टुडिओ, जिथे सिम्पसन्सच्या भागांचं प्रत्यक्ष काम व्हायचं. स्टोरीबोर्ड, लेआउट अमेरिकेत. मधली ड्रॉइंग, शाई, रंग तिकडे सोलला. मालिका २००२पर्यंत हाताने रंगवलेल्या सेलवरच, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवरच, चालली होती. म्हणजे ज्या लोकांनी हा भाग रंगवला त्यांचंच नाव विनोदात, आणि ते नावही त्यांनीच रंगवलेलं. आणखी एक नामांकन ‘रेन अँड स्टिम्पी’चं, त्याची चित्रफीत लावायची वेळ येते तर पाटी, ‘अजून तयार नाही’. ती मालिका वेळेवर काम न देण्यासाठी कुप्रसिद्ध होती. हा टोमणा आम्हाला हसूही आणतो आणि पोटात गोळाही.

तर @काडेपेटी, कागदावर नाव एकाचं आणि कष्ट दुसऱ्याचे, हे रूपक शोधायची गरजच नाही. ती या धंद्याची रोजची पद्धत आहे. मी धागाकर्तीच्या बाजूने.

(दिग्दर्शक रिच मूर. पुढे ‘रेक-इट राल्फ’ आणि बायरन हॉवर्डबरोबर ‘झूटोपिया’ केले, तोच.)

काडेपेटी

@पेन्सिलटोक, हे वाचून मजा आली. पण तुमच्या मुद्द्याने मुलांची गोष्ट पक्की होते, होमरची नाही. होमरचे कष्ट कुणी लाटलेले नाहीत. तो नापास होता म्हणून नापास. डॉन्डेलिंगरने काय चूक केलं?

शमीची_शेंग

चूक नाही केली, हलकटपणा केला. दोन्हीत फरक आहे. नापास आहेस, ये हो फॉर्म भरायला, हे खाजगीत सांगून भागलं असतं. ‘सर्वाधिक सुधारलेला वास’ची ट्रॉफी शाळेच्या कपाटात ठेवून डॉन्डेलिंगर काय करणार होते?

खडूफळा

वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. मी मुंबईत रात्रशाळेत शिकवतो. लालबाग-परळकडच्या रात्रशाळा गिरण्यांच्या काळापासूनच्या. दिवसा मिलमध्ये आणि संध्याकाळी वर्गात अशी पोरं तिथे शिकली. गिरण्या गेल्या, आता हॉटेलातली, कुरिअरवाली, वॉचमन अशी मंडळी येतात. साडेसहाला वर्ग भरतो.

होमर रात्रीच्या वर्गात जाऊन राहिलेला विषय काढतो तो भाग इथे कुणी उल्लेखलाच नाही. पटकथेत तो घाईत उरकलाय हे मान्य. पण गोष्ट खरी आहे ती तिथेच.

आपल्याकडे होमर असता तर त्याला वाटा बऱ्याच होत्या. आमच्या वेळी मार्चला उडाला की ऑक्टोबर. २०१५पासून फेरपरीक्षा जुलैत घ्यायला लागले. शाळाच सोडली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं. विज्ञानात अडकणारे तसे कमी, आमच्याकडे भिंत म्हणजे गणित आणि इंग्रजी. पस्तीस मार्क. चाळिशीतला माणूस त्या पस्तिसासाठी बीजगणिताचं गाइड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतो. पावसाने भिजू नये म्हणून असेल असं मला वाटायचं. तर नाही, इमारतीत कुणी बघू नये म्हणून.

माझ्या वर्गात एक जण होते, वय पन्नाशीकडे झुकलेलं, सोसायटीत सुपरवायझर. घरी ओव्हरटाइम सांगून यायचे. बायकोला ते दहावी पास म्हणून माहीत, लग्नाच्या वेळी तसं सांगितलेलं. मुलीने बारावीला चांगले मार्क काढले तेव्हा पेढे घेऊन आले, आणि त्याच आठवड्यात विचारतात, सर, मार्कशीट घरी पोस्टाने येत नाही ना? शाळेतूनच घ्यायची ना? मी म्हटलं, शाळेतूनच. निकालाच्या दिवशी इंटरनेटवर नंबर टाकताना चष्मा दोनदा पुसला. भूमितीत काठावर पास. मार्कशीट त्यांनी आमच्या शिपायाकडून लॅमिनेट करून घेतली आणि कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

तर @काडेपेटी, होमरने मार्जपासून लपवलं यात मला काही विशेष वाटत नाही. नापास झालेला माणूस पहिल्यांदा लपवतो तो घरातल्या माणसापासूनच, कारण बाहेरच्याला फरक पडत नसतो. गंमत ही की होमरचं घरचं माणूस त्याच वर्गातलं, तरी लपलं!

रानभूल

@खडूफळा, नमस्कार घ्या. चष्मा पुसला तिथे मी थांबले जरा.

ओसरीवरचा

मी तुमच्या सगळ्यांच्या आधीचा, जुना अकरावी मॅट्रिकवाला. नातवाने हा भाग दाखवला. होमरपेक्षा मला त्याचा बाप, तो ॲब सिम्पसन, जवळचा वाटला. साहजिक आहे.

पोरं विचारतात, आजोबा, तुमचं पहिलं नाव काय? म्हाताऱ्याला आठवेना. मग चड्डीच्या पट्ट्यावर लिहिलेलं बघून सांगतो, ॲब्रहॅम. वृद्धाश्रमात कपड्यांवर नावं घालतात ना, धोब्याकडे घोळ नको म्हणून. म्हणजे ज्या नावावर सगळा डोलारा उभा राहतो ते नाव खुद्द मालकाला चड्डीवर शोधावं लागतं. मधलीसुट्टी, तुम्ही कागदावरच्या नावाचं म्हणता त्यात हे घ्या.

चेक येत राहतात, त्याचंही त्याला काही वाटत नाही. म्हणतो, मला वाटलं डेमोक्रॅट पुन्हा सत्तेवर आले म्हणून पैसे येतायत. डेमोक्रॅट क्लिंटनने जानेवारी १९९३मध्ये शपथ घेतली होती, भाग एप्रिलचा. आणि लेखकांच्या खोलीत त्याला अनुभव विचारतात, तर चाळीस वर्षं क्रॅनबेरीच्या कोठारावर रात्रीचा पहारेकरी होतो म्हणतो. सगळे भारावतात. एक शिकलेला पोरगा म्हणतो, मी जीवनानुभवावर प्रबंध लिहिलाय, तर मालक त्याच्या अंगावर पाटी फेकतो. यावर मी खूप हसलो. आमच्या ऑफिसात असे प्रबंधवाले पुष्कळ होते.

एडिसनवाला

@ओसरीवरचा, तो शिकलेला पोरगा म्हणजे हार्वर्डवाल्यांची टिंगल. सिम्पसन्सचे त्या वेळचे कितीतरी लेखक हार्वर्डचे, तिथल्या ‘लॅम्पून’ या विनोदी मासिकातून आलेले. चौथा सीझन चालवणारे अॅल जीन आणि माइक रीस दोघेही तिथलेच. त्या खोलीत जे लेखक बसलेले दाखवलेत ते याच मालिकेच्या लेखकांची व्यंगचित्रं आहेत. स्वतःवरच पाटी फेकून घेतली.

काडेपेटी

ठीक. आता एक व्यावहारिक प्रश्न. बारावी पास नसलेला माणूस अणुऊर्जा प्रकल्पात सेफ्टी इन्स्पेक्टर. रियुनियनमध्ये भांडं फुटलं, प्रकल्पाला काहीच फरक पडला नाही? शाळेला वासाच्या ट्रॉफीची चिंता, आणि अणुभट्टीची कुणालाच नाही?

एडिसनवाला

तो प्रश्न त्यांनी लगेच पुढच्या सीझनला घेतला. ‘होमर गोज टू कॉलेज’, १४ ऑक्टोबर १९९३, लेखक कोनन ओब्रायन. तपासणी होते, होमरची पात्रता नाही असं निघतं, मग त्याला स्प्रिंगफील्ड विद्यापीठात न्यूक्लिअर फिजिक्स शिकायला पाठवतात. म्हणजे अवघ्या सहा महिन्यांत माणूस आधी कच्च्या मुलांचं सायन्स काढतो आणि मग अणुविज्ञान. आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी पेपरात पानभर जाहिरात दिली असती, फोटोसकट.

मधलीसुट्टी

एप्रिलमध्ये नापास असल्याचं कळलं आणि ऑक्टोबरला पुन्हा. बघा, आपलंच बोर्ड!

पेन्सिलटोक

:D :D

काडेपेटी

अवांतर : ती बॅच १९७४ची, पण २००८च्या ‘दॅट नाइन्टीज शो’मध्ये मार्ज-होमर नव्वदच्या दशकात तरुण आणि अजून लग्न न झालेले दाखवलेत. म्हणजे १९९३च्या या रियुनियनच्या वेळी ते कॉलेजच्या वयाचे. ज्या शाळेचं रियुनियन झालं ती शाळा अजून नीट सुटायची होती! होमर त्याच वयावर मुक्काम ठोकून बसलाय म्हटल्यावर मालिकेला शाळा पुढे पुढे सरकवावीच लागते. काही वर्षांनी त्यांच्या बॅचचाही व्हॉट्सअॅप ग्रुप निघेल.

रानभूल

नवरा-बायको आणि रियुनियन यावर आणखी कुणाला बघायचं असेल तर ‘बॉब्स बर्गर्स’मध्ये लिंडाचं रियुनियन आहे, ‘पर्पल रेन-युनियन’. तिथे शाळा एकटीची, नवरा नुसता सोबत आलेला. शाळेत असताना मैत्रिणींचा बँड होता, तो पुन्हा स्टेजवर चढतो. @शमीची_शेंग, तुम्हाला मार्जसाठी जे हवं होतं ते तिथे लिंडाला मिळालंय.

शमीची_शेंग

वा, यादीत टाकला. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. नवरा दुसऱ्या शाळेचा असला की बायकोला रियुनियनमध्ये स्वतःची गोष्ट मिळते. तो कोपऱ्यात बशी धरून उभा, ती मैत्रिणींत. एकाच वर्गातलं जोडपं असलं की गोष्ट एकाचीच होते. आमच्या ग्रुपवर असं एक जोडपं आहे. दोघंही बोर्डाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. मेळाव्यात माइक हातात आला की वर्गातल्या सगळ्या आठवणी तो सांगतो, तिच्यासुद्धा. ती हसून मान डोलावते. मागच्या खेपेला एका मैत्रिणीने माइक काढून तिच्या हातात दिला, तर तिने पहिल्यांदा काय सांगितलं, की नववीच्या विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी तिने केला होता, त्याने नुसता उचलून नेला होता. हॉलमध्ये एकच हशा. तोही हसला, पण जरा उशिरा.

मधलीसुट्टी

@शमीची_शेंग, माझ्या ‘कागदावर नाव’ला हे बसतंय की! प्रदर्शनाच्या पुठ्ठ्यावर दोघांची नावं होती का?

शमीची_शेंग

त्याचं वर, मार्करने. तिचं खाली, पेनने. विचारलंस म्हणून सांगितलं.

ओसरीवरचा

आजोबांच्या शेवटाचं राहिलंच. पुरस्कार घ्यायला स्टेजवर उभे असताना ते कार्टून पहिल्यांदा बघतात, ज्याचे ते ‘लेखक’. बघून हादरतात. मांजराच्या डोक्याची कवटी झालेली, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतायत. माइकवर सांगतात की हे असलं बघून हसता, लाज वाटते. लोक हुर्यो करून हाकलून देतात. भागभर स्वतःचं एक वाक्यही नसलेला माणूस शेवटी स्वतःचं एक बोलला, आणि तेच कुणाला नको होतं. होमरला त्याच रात्री कुणी विचारलं असतं, वासाची ट्रॉफी पाहिजे का, तर तोही नको म्हणाला असता असं मला वाटत नाही. बापलेकांत तेवढाच फरक.

काडेपेटी

होमर दोन मागेल. एक त्याचा मित्र बार्नीसाठी.

खडूफळा

कुणाच्या ओळखीत दहावी राहिलेलं कुणी असेल तर १७ नंबरच्या फॉर्मच्या तारखा दरवर्षी बोर्ड जाहीर करतं, जवळच्या शाळेत चौकशी करा. उशीर झाला तर विलंब शुल्क लागतं. वयाची लाज बाळगू नका म्हणावं, आमच्याकडे मागच्या बाकावर दोघे जण सासरे झालेले आहेत आणि मधल्या वेळात मोबाइलवर नातवंडांचे फोटो दाखवत बसतात, त्यावरून मला रोज ओरडावं लागतं.